निळी रेषा, लाल रेषा आणि मधला मुरूम

जुलै सरता सरता सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. आकडा चाळिशीकडे सरकू लागला की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागांत धान्याची पोती माळ्यावर चढतात आणि गाड्या विश्रामबागकडे जातात. पाणी ओसरलं, चिखल काढून झाला, की मग दुसरा शब्द ऐकू येऊ लागतो, तो म्हणजे पूररेषा. अमुक स्कीम पूररेषेबाहेर आहे, तमुक सर्व्हे नंबर निळ्यात गेला, लाल रेषा सरकवली म्हणे. जमीन घेणारा, विकणारा, नगरसेवक, वकील सगळे हे शब्द वापरतात. पण निळी म्हणजे नेमकी काय आणि लाल कुठून आली, हे विचारलं तर दहांपैकी आठ जण "नदीपासून शंभर मीटर असेल" असं काहीतरी ठोकून देतात.

तसं मुळीच नाही. रेषा मीटरच्या अंतरावर ठरत नाही, उंचीवर ठरते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आयर्विनचे फूट आणि नकाशावरचे मीटर

१९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी फुटांची पट्टी आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर आणि २०२१ मध्ये ५५ च्या आसपास. हा आकडा शहरातल्या पाण्याची खोली सांगत नाही, पट्टीच्या शून्यापासूनची उंची सांगतो. हे शून्य खाली पात्रात आहे. म्हणून आयर्विनला ५७ असताना एखाद्या गल्लीत छातीइतकं पाणी असतं आणि चारशे मीटरवर रस्ता कोरडा असतो.

पूररेषेच्या नकाशावर मात्र फूट नसतात. तिथं समुद्रसपाटीपासूनचे मीटर असतात, कारण नदीचा पृष्ठभाग सपाट नसतो. पूर कितीही शांत दिसला तरी पाणी भिलवडीकडून सांगलीकडे आणि सांगलीकडून हरिपूरच्या संगमाकडे उतरत असतं. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच पुरात, वरच्या गावातली पाण्याची उंची आणि खालच्या गावातली उंची वेगळी असते. आयर्विनचा आकडा आयर्विनपुरता खरा असतो.

तरीही जुन्या गल्ल्यांत माणसं "सत्तेचाळीसला आमच्या उंबऱ्याला लागतं" असं सांगतात, ते अगदी बरोबर असतं. प्रत्येक घराचा असा एक घरगुती आकडा असतो आणि तो कित्येक सरकारी नकाशांपेक्षा भरवशाचा असतो. फक्त तो दुसऱ्याच्या प्लॉटला लावता येत नाही.

रेषा आखतात कशी

काम पाटबंधारे विभागाचं. राज्यात यासाठीचं मूळ परिपत्रक १९८९ चं आहे. पायऱ्या साधारण अशा. आधी त्या ठिकाणच्या नोंदी काढायच्या, म्हणजे दर वर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग किती होता. त्या यादीवरून गणित करून "सरासरी २५ वर्षांतून एकदा" येणारा पूर आणि "१०० वर्षांतून एकदा" येणारा पूर किती क्यूसेकचा, हे काढतात. (क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर.) मग नदीचे आडवे छेद घेतात. या काठापासून त्या काठापर्यंत जमीन कुठे किती उंच आहे, पात्र किती खोल आहे, काठावर ऊस आहे की बाभळी की घरं, हे सगळं मोजतात. एवढं पाणी या छेदातून जायचं तर ते किती उंच चढेल, हे संगणकावर काढतात. प्रत्येक छेदाला एक उंची मिळते. ती उंची जमिनीच्या चढ-उतारांवर टेकवत गेलं की जी वेडीवाकडी रेघ उमटते, ती पूररेषा.

पंचवीस वर्षांच्या पुराची ती निळी. इथं एक पोटकलम आहे. पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग त्याहून जास्त येत असेल, तर तो धरायचा. शंभर वर्षांच्या पुराची ती लाल.

रेघ वेडीवाकडी का, हे सांगलीत फार स्पष्ट दिसतं. इथं पाणी नेहमी काठ ओलांडून येतंच असं नाही. बऱ्याचदा ते मागच्या दाराने, नाल्यातून येतं. एरवी शहरातलं पाणी नदीत सोडणारा शेरीनाला नदी फुगली की उलटा वाहू लागतो. नदीपासून लांब, पण नाल्याच्या किंवा जुन्या ओताच्या (पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक खोलगट वाटेच्या) काठी असलेलं घर आधी बुडतं आणि नदीशेजारच्या उंचवट्यावरचं घर शेवटी. म्हणूनच "शंभर मीटर" हा हिशोब फसवा. नकाशावर निळी रेषा नाल्यानाल्यानं शहरात आत घुसलेली दिसते, ती काही आखणाऱ्याची चूक नव्हे.

"शंभर वर्षांतून एकदा" म्हणजे नव्याण्णव वर्षं निवांत?

या एका शब्दप्रयोगानं जितका घोळ घातला आहे तितका दुसऱ्या कशानंच नाही. २००५ ला आला, म्हणजे आता २१०५ पर्यंत सुट्टी, असा अर्थ घेऊन लोकांनी घरं बांधली. मग २०१९ आलं, आणि दोन वर्षांत २०२१.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आठवा. बरणीत चिठ्ठ्या, शाळेतलं लहान पोर एक उचलतं. समजा बरणीत १०० चिठ्ठ्या आहेत, त्यांतली एक लाल. दर वर्षी एक चिठ्ठी काढायची आणि वाचून पुन्हा बरणीत टाकायची. टाकली की पुढच्या वर्षीही लाल निघण्याची शक्यता तेवढीच, शंभरात एक. निळ्या रेषेसाठी बरणीत २५ चिठ्ठ्या.

आता हे २० वर्षांच्या गृहकर्जाला लावून बघा. लाल रेषेवर उंबरा असलेल्या घरात कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निघते सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेवरच्या घरात ५६ टक्के. म्हणजे नाणेफेकीपेक्षा वाईट. आणि रेषेच्या आत, खालच्या अंगाला जाल तसा हा आकडा वाढतच जातो.

वर आणखी एक गोष्ट आहे. बरणीतल्या चिठ्ठ्या आपण जुन्या नोंदींवरून भरल्या आहेत. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झालेल्या दिसल्या. म्हणजे बरणीत लाल चिठ्ठ्या हळूहळू वाढताहेत. म्हणून नव्या नोंदी धरून रेषा पुन्हा तपासा, ही मागणी रास्त आहे. मात्र पुन्हा आखणी म्हणजे रेषा नदीकडे सरकवून घेणं, असं ज्यांना वाटतं त्यांची निराशा होऊ शकते.

दोन रेषांच्या आत काय चालतं, काय नाही

नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत याचे नियम आहेत.

निषिद्ध क्षेत्रात नवं बांधकाम नाही. उघड्यावरचे वापर चालतात, म्हणजे बाग, पार्किंग, उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, जलवाहिन्या, सांडपाणी प्रक्रिया केंद्र वगैरे. जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास करायचा तर जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी आणि पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला हवा. नियंत्रित क्षेत्रात नवं बांधकाम चालतं, पण जोतं तिथंही लाल पातळीच्या ०.४५ मीटर वर, म्हणजे दीड फूट वर.

शेतीला यातलं काहीच आडवं येत नाही. निळ्या रेषेत ऊस लावा, हळद लावा, गवत लावा. रेषा पिकावर नाही, बांधकामावर आहे. शेतकऱ्यांच्या बैठकांत हे नीट सांगितलं जात नाही आणि मग "जमिनी जप्त होणार" अशी आवई उठते.

आता या नियमात एक फट आहे. सगळी भानगड तिथूनच सुरू होते. नियम सांगतो, जोतं इतकं वर न्या. ते वर न्यायचे दोन रस्ते आहेत. एक, इमारत खांबांवर उचलायची, खाली मोकळं ठेवायचं. दुसरा, अख्ख्या प्लॉटवर मुरूम टाकून जमीनच वर आणायची. कागदावर जोत्याची उंची दोन्हींत सारखीच दिसते. पाण्याला मात्र फरक कळतो.

भरावाचं गणित

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर ८ फूट भराव म्हणजे ८,७१२ घनफूट, ८७ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). चार ब्रासचा डंपर धरला तर २२ खेपा, आणि दबाई झाली की त्याहून जास्त. तेवढ्या जागेत पुराचं अडीच लाख लिटर पाणी बसलं असतं, दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. एकराला हाच आकडा एक कोटी लिटरच्या घरात जातो.

आकडा मोठा वाटतो, आणि भरावाविरुद्ध बोलणारे तो टाळ्या घेण्यासाठी वापरतात. पण इथं प्रामाणिक राहायला हवं. नदीत एक लाख क्यूसेक पाणी वाहतं आहे असं धरलं, तर एकरभर भरावानं अडवलेली जागा म्हणजे त्या प्रवाहाचे साडेतीन सेकंद. बिल्डरचा सल्लागार सुनावणीत हेच दाखवतो आणि समोरचा गप्प होतो. "एका प्लॉटनं काय होतंय?" या प्रश्नाला साठवणुकीचं उत्तर लंगडं पडतं.

खरं उत्तर अडथळ्याचं आहे. उसाच्या सरीत पाणी सोडलंय आणि मध्येच एक ढेकूळ पडलं, तर काय होतं? ढेकळानं पाणी पिऊन टाकलं म्हणून सरी फुटत नाही. ढेकळामागे पाणी तटतं, चढतं आणि वरंब्याचा जो भाग कच्चा असेल तिथून शेजारच्या सरीत जातं. पूरपट्ट्यातला भराव हेच करतो. तो कुठे आहे याला महत्त्व जास्त, किती आहे याला कमी. उंचावरच्या कोपऱ्यात एकरभर भराव टाकला तर शेजाऱ्याला कळणारही नाही. पण ओताच्या तोंडाशी, जिथून पूर चढताना आत येतो आणि उतरताना बाहेर जातो, तिथं पाच गुंठे जरी भरले तरी मागच्या अख्ख्या वसाहतीत पाणी इंचाइंचानं जास्त चढतं. त्याहून वाईट म्हणजे नदी उतरली तरी ते बाहेर पडत नाही. चार दिवसांचं पाणी आठ दिवस राहिलं तर मातीच्या भिंती, फर्निचर, विद्युत मोटारी, हळदीची पोती, सगळ्यांचा हिशोब बदलतो. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवत आले. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि त्यांतली बरीच कायमची गेली.

दुसरी गोष्ट, भराव कधीच एकटा राहत नाही. पहिल्यानं आठ फूट उचललं की शेजारचा खड्ड्यात जातो. मग तोही उचलतो. रस्ता खाली राहतो म्हणून रस्त्यावर थर चढतात. ज्याच्याकडे मुरुमाचे पैसे नाहीत, त्याचं घर शेवटी तळं होतं. ओतावर पाइप टाकून वर रस्ता करणं ही याचीच धाकटी बहीण. उघड्या ओताची रुंदी तीस फूट असते आणि त्याजागी तीन फुटी पाइपच्या दोन रांगा येतात. तोंडाशी प्लास्टिक, उसाची चोयटी अडकली की तेवढंही उरत नाही.

आणि हा मुरूम येतो कुठून? कुठल्या तरी टेकडीतून किंवा माळावरून. एकीकडे माळ उतरतो, एकीकडे पूरपट्टा चढतो आणि मधल्या रस्त्यावर उघड्या डंपरची धूळ उडते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगलीचं नाव आहे, हे इथं आठवायला हरकत नाही.

"पण पूर तर अलमट्टीमुळे येतो"

हा आक्षेप सांगलीत टाळता येत नाही, आणि टाळूही नये. अलमट्टी हे कर्नाटकातलं, कृष्णेवरच सांगलीच्या खालच्या अंगाला असलेलं धरण. त्याच्या साठ्यामुळे इथलं पाणी पुढे सरकत नाही, असं आक्षेप घेणारे म्हणतात. त्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१० मध्ये मुभा दिली आणि ती उंची प्रत्यक्षात येऊ नये म्हणून सांगली-कोल्हापुरात आंदोलनं होत आहेत. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. जिल्ह्यातल्या अनेक कार्यकर्त्यांना तो निष्कर्ष मान्य नाही.

या वादात कुणाचं खरं, हे बाजूला ठेवलं तरी भरावाचा मुद्दा तिथंच राहतो. उलट, अलमट्टीमुळे पाणी पुढे सरकायला वेळ लागतो असं ज्याला मनापासून वाटतं, त्यानं तर सांगलीतला एक ओतही बुजू देता कामा नये. पुढची वाट अरुंद असेल तर थांबायला अंगण जास्त हवं. अलमट्टीच्या मोर्चात पुढे आणि पूरपट्ट्यातल्या प्लॉटिंगच्या उद्घाटनालाही पुढे, अशी काही मंडळी दिसतात. त्यांना हा प्रश्न विचारायला हवा.

कोयनेबद्दलही असंच. १०५.२५ टीएमसीचं धरण पूर अडवतं, पण रिकामं असेल तेवढंच. भरल्यावर वरून जितकं येईल तितकं खाली सोडावंच लागतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, दिवसभर सलग ११,५७४ क्यूसेक. धरणात पाच टीएमसी जागा उरली असेल तर किती तास हाताशी आहेत, हे यावरून घरबसल्या काढता येतं.

"रेषेमुळे माझ्या जमिनीचं मातेरं झालं"

या तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धं. एखाद्या मोठ्या प्लॉटचा काही भाग निळ्यात आणि उरलेला विकसनक्षम पट्ट्यात असेल, तर निळ्यातल्या भागाचा चटई निर्देशांक (म्हणजे जागेच्या प्रमाणात किती बांधता येतं तो हक्क) उरलेल्या भागावर वापरता येतो, अशी तरतूद आहे. म्हणजे तिथं नुकसान फारसं होत नाही. मार बसतो तो दोन-तीन गुंठेवाल्याला, ज्याचा अख्खा तुकडा निळ्यात आहे. त्याच्याकडे "उरलेला भाग" नसतो.

सांगलीत ही माणसं थोडीथोडकी नाहीत, कारण हे गुंठेवारीचं, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचं शहर. पूरपट्ट्यातली जागा स्वस्त मिळाली, कारण ती पूरपट्ट्यात होती, आणि विकताना हे कुणी सांगितलं नाही. गुंठेवारी कायदा २००१ चा, नंतर त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. पण प्लॉट नियमित झाल्यानं तो उंच होत नाही. अशा घरांसाठी पर्यायी जागा मागणं हे खरं काम आहे, आणि रेषाच पुसा म्हणण्यापेक्षा ते कितीतरी अवघड आहे. म्हणून पुढारी सोपं काम निवडतात.

आपला प्लॉट कुठे आहे, हे तपासायचं कसं

दलालाच्या मोबाइलवरचा नकाशा बघून ठरवू नका. मोबाइल जी उंची दाखवतो तिच्यात दहा-दहा मीटरची चूक सहज असते आणि इथं तर अर्ध्या मीटरवर सगळं ठरतं.

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. गावात असाल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात. दाखल्यावर "निळी व लाल पूररेषा दर्शवून" असं लिहून मागायचं. नाहीतर नुसतं "रहिवास विभाग" लिहून मिळतं आणि ते खोटंही नसतं. झोन रहिवासी असून प्लॉट निळ्यात असणं अगदी शक्य आहे. बरेच जण नेमके इथंच फसतात.

पुढची पायरी पाटबंधारे विभागात. आपल्या सर्व्हे नंबरला सर्वांत जवळच्या आडव्या छेदावर निळी आणि लाल पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर, एवढंच विचारायचं. तोंडी नाही मिळालं तर माहिती अधिकारात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, ३० दिवसांची मुदत. "पूररेषेबाबतची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज हमखास वाया जातो. "सर्व्हे नंबर अमुकलगतच्या छेदाचा क्रमांक, निळी पातळी, लाल पातळी व आखणीचे वर्ष" असा अर्ज चालतो.

पातळी हातात आली की सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावून आपल्या जमिनीची उंची काढून घ्या. त्यानं सुरुवात कुठल्या बेंचमार्कपासून केली, हे लिहून घ्यायला विसरू नका. बेंचमार्क म्हणजे ज्याची उंची आधीच पक्की ठाऊक आहे असा दगड किंवा खूण. बेंचमार्क नसलेली लेव्हल सुनावणीत एका मिनिटात खोडली जाते.

हरकत घ्यायची ती कधी

भरावाचा पहिला डंपर रिकामा झाला तेव्हा. स्लॅब पडल्यावर नाही. स्लॅब पडला की त्यात राहायला आलेली चार कुटुंबं तुमच्यासमोर उभी राहतात आणि मग कुठल्याच अधिकाऱ्याचा हात उचलत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ मध्ये "विकास" या शब्दाच्या व्याख्येत केवळ इमारत नाही. जमिनीवर, जमिनीखाली केलेलं अभियांत्रिकी काम आणि भराव घालून जमीन तयार करणं हेही येतं. म्हणून "अजून बांधकाम कुठं सुरू झालंय?" हे उत्तर मान्य करू नका. परवानगीशिवाय काम चालू असेल तर कलम ५४ खाली ते थांबवण्याची नोटीस देता येते, कलम ५३ खाली जमीन पूर्ववत करायला सांगता येतं. दुसरी वाट तहसीलदारांची. मुरूम हे गौण खनिज आहे. त्याच्या उत्खननाला परवाना आणि प्रत्येक वाहनाला वाहतूक पास लागतो. तो नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहनजप्ती होऊ शकते. अनुभव असा की पूररेषेच्या तक्रारीवर फाइल फिरत राहते, पण वाहतूक पासाच्या तक्रारीनं डंपर त्याच दिवशी थांबतात.

तक्रारीची भाषा फार महत्त्वाची. "पर्यावरणाची हानी होत असून संबंधितांवर कडक कारवाई करावी" यावर कारवाई होत नाही, कारण त्यात कारवाई करण्यासारखं काहीच नसतं. त्याऐवजी असं लिहा: "सर्व्हे नंबर अमुक येथे दिनांक अमुकपासून मुरूम भराव सुरू आहे. आजपर्यंत अंदाजे ४० गुणिले २५ मीटर जागेत २ मीटर उंचीचा भराव झाला असून दक्षिणेकडील नैसर्गिक ओताचे तोंड बंद होत आहे. सदर जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे काय, भरावास विकास परवानगी आहे काय आणि मुरुमाचे वाहतूक पास आहेत काय, याची स्थळपाहणी करून पंचनामा व्हावा व तोपर्यंत काम थांबवावे." खाली तारखेसह फोटो. फोटोत विजेचा खांब, पुलाचा कठडा, मंदिराची पायरी असं न हलणारं काहीतरी यायला हवं, म्हणजे पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून काढलेल्या फोटोशी ते ताडून बघता येतं. प्रत महापालिका, तहसीलदार, पाटबंधारे अशा तिन्ही ठिकाणी द्या आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे हवेतलं बोलणं.

भरावापेक्षा मोठा बदल मात्र डंपरनं येत नाही, तो वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपातल्या नोटिशीनं येतो. विकास आराखड्याचा मसुदा निघाला की कलम २६ खाली हरकतींसाठी ३० दिवस मिळतात आणि नियोजन समितीसमोर सुनावणी होते. त्यावर निदान लोकांचं लक्ष तरी असतं. कलम ३७ खालच्या फेरबदलाकडे कुणाचंच नसतं. एखादा शेतीपट्टा रहिवासात, एखादं बागेचं आरक्षण दुसऱ्याच कशात, असे सुटे बदल या कलमानं होतात, आणि मुदत एक महिना. हरकत कोणीही घेऊ शकतो. त्यासाठी शेजारी असावं लागत नाही, मालकी लागत नाही. गल्लीतल्या एकानं महिन्यातून दोनदा महापालिकेचा फलक आणि राजपत्र बघायची जबाबदारी घेतली तरी पुष्कळ झालं.

"तक्रारी करून कुठं काय होतंय?"

बहुतेक तक्रारी दोन ठिकाणी मरतात. एक, पाणी ओसरल्यावर सप्टेंबरात केलेल्या. तेव्हा सगळे पंचनाम्यात गुंतलेले असतात, आणि भरावाचं काम तर बहुतेक वेळा पुढच्या उन्हाळ्यात चालतं. मार्च ते मे हा खरा हंगाम. दुसरं, मुदत संपल्यावर जागं होणं. पुण्यातल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कलम १४ खाली जायचं तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. तिथं पहिला प्रश्न येतो, "तुम्हाला हे पहिल्यांदा कधी कळलं?" तेव्हा तो आवक क्रमांक उपयोगी पडतो. मधल्या काळात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन आहे. तिथं निकाल लागेलच असं नाही, पण तीन खाती एका टेबलावर येतात आणि "हे आमच्याकडे नाही" म्हणायला जागा राहत नाही.

सुनावणीत सगळ्यांत वजनदार ठरणारा पुरावा मात्र कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. पूर उतरला की घराच्या बाहेरच्या भिंतीवर चिखलाची एक सरळ तपकिरी रेघ राहते. पहिल्या दोन-तीन सरींत ती पुसट होते आणि दिवाळीच्या रंगकामात कायमची जाते. त्याआधी तिच्यावर ऑइल पेंटनं आडवी रेघ ओढायची, शेजारी तारीख आणि त्या वेळचा आयर्विनचा आकडा लिहायचा, आणि तिघा-चौघा शेजाऱ्यांनी आपापल्या भिंतीवर तेच करायचं. नंतर सर्व्हेअर येईल तेव्हा बेंचमार्कपासून या रेघांच्या उंची काढून घ्यायच्या. एकाच गल्लीतल्या चार भिंती एकच आकडा सांगतात आणि नकाशावरची निळी रेषा मात्र त्याच्या हातभर खाली असते, तेव्हा पाटबंधारेच्या अभियंत्यालाही तो छेद पुन्हा उघडून बघावा लागतो.